फळीआधी पाण्याची वाट शोध

बाबू, फायबरच्या नावेची आतली फळी पायाखाली दबायला लागली की लोक सरळ नवा प्लाय आणायला धावतात. तू धावू नकोस. नाव घाटावरून वर घे, सावलीत सपाट जागी ठेव, मागचं बूच काढ आणि आधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोध: पाणी आत कुठून शिरलं? ते सापडल्याशिवाय कितीही भारी फळी बसवलीस तरी काही पावसाळ्यांत तीही जाणार. ज्या जुन्या हातांकडून मी हे काम शिकलो, त्या सगळ्यांचं सांगणं शेवटी इथेच येऊन थांबायचं. म्हणून तेच आधी सांगतो.

आपला कोरपना तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाला सिमेंटचे कारखाने आठवतात, फार तर कापूस. नावा कुणाला आठवत नाहीत. पण पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्हा, भोयेगावाजवळ वर्धा नदी आणि तिच्यापलीकडे चंद्रपूर तालुका, शिवाय गडचांदूरजवळचा अंमलनाला आणि पकडीगुड्डमचा तलाव, एवढं पाणी आपल्या अवतीभवती आहे. त्यावर भोई-ढिवरांची घरं चालली. 2022च्या जुलैत वर्धा आणि पैनगंगा दोन्ही फुगल्या, भोयेगावचा रस्ता बंद पडला, तेव्हा नाव किती मोलाची असते हे ज्यांनी कधी जाळं हातात धरलं नव्हतं त्यांनाही कळलं. आणि 23 जानेवारी 2024ला वैनगंगेत काय झालं ते तुला माहीत आहे. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या बायका मिरची तोडायला पलीकडे निघाल्या होत्या, नाव उलटली आणि सहा जणी गेल्या. तेव्हापासून नावेची दुरुस्ती हे मी नुसतं मासेमाराचं काम मानत नाही. तुझ्या नावेत आज जाळं असेल, उद्या तिच्यात कुणाची तरी लेकरं बसलेली असतील.

तुझ्या आज्याला डोंग्याचं सगळं कळायचं. सागाच्या फळ्या, सांध्यात कोंबलेला कापूस, वरून गरम डांबर. पण ते ज्ञान फायबरच्या नावेला जसंच्या तसं लावलंस तर फसशील. डोंग्याचं लाकूड ओलं राहिलं की फुगतं आणि सांधे आपोआप मिटतात. तो उन्हात पडून राहिला की फळ्या आकसतात, भेगा पडतात. म्हणून डोंगा पाण्यातच बरा. फायबरच्या नावेत लाकूड दडलेलं असतं. खाली काचेच्या मॅटचं बूड, त्यावर उभे-आडवे लाकडी दांडे, दांड्यांवर प्लायची फळी, आणि या सगळ्यावर पुन्हा फायबरचं कातडं. बूड आणि कातडं पन्नास वर्षंही टिकतील. मधलं लाकूड मात्र एकदा भिजलं की त्याला वाळायला वाव नसतो, कारण दोन्ही बाजूंनी आपणच ते बंद केलेलं असतं.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल हवी, हवा हवी आणि ऊब हवी. पूर्ण कोरडं लाकूड कुजत नाही, आणि पूर्ण बुडालेलं लाकूडही हवेअभावी शतकानुशतकं टिकतं. कुजतं ते अर्धवट ओलं. आता विचार कर, फळीखाली पावसाचं थोडंसं पाणी, वर बंद कातडं आणि आपल्याकडची उष्णता: बुरशीला याहून चांगलं घर मिळणार नाही. कोकणातली माणसं सांगतात की त्यांच्या नावा आतून इतक्या कुजत नाहीत. त्यात तथ्य आहे. खाऱ्या पाण्यात ही बुरशी सहसा माजत नाही. गोड पाणी, त्यातही पावसाचं पाणी, लाकडाचा खरा शत्रू. आपल्या नावेला नदीपेक्षा आभाळाकडून जास्त धोका आहे, हे मनात पक्कं ठेव.

तर पाण्याची वाट. बहुतेक वेळा ती एखाद्या स्क्रूच्या भोकातून जाते. बसायची पाटी, नांगराची कडी, जाळं अडकवायचा हूक, जे जे कुणी कधी घाईत फळीवर ठोकलं असेल, त्या प्रत्येक भोकाशी जा. स्क्रू काढ. त्याच्या आट्यांत काळा, ओला भुसा अडकून आला तर एक वाट सापडली. मग बुचाच्या भोकाची कड बघ. तिथे प्लायची उघडी कड राहिलेली असते आणि कारखान्यातून आलेल्या नावेतही ती कधी कधी नीट बंद केलेली नसते. मागच्या पाटीवर इंजिन बसवायचे बोल्ट बघ. शेवटी नाव कलती करून बुडाखाली हात फिरव. घाटावरच्या दगडांवरून ओढताना पडलेले ओरखडे खोल गेले असतील तर काचेचे धागे बोटाला लागतील. शंका असेल तर बूच पुन्हा लावून जमिनीवरच आत दोन-तीन बादल्या पाणी ओत आणि बाहेरून कुठे पाझरतं ते बघ. जिथे पाझरेल तिथे खडूने गोल कर.

त्यानंतर कूज किती पसरली हे शोधायचं. हातोडीच्या दांड्याने किंवा जाड नाण्याने फळीवर वीतभर अंतराने ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भद्द. आवाज बदलेल तिथे खूण कर. पण कानावर पूर्ण विसंबू नको. खुणेच्या बाहेर बारीक ड्रिलने तीन-चार भोकं पाड आणि निघणारा भुसा हातावर घे. पिवळसर, कोरडा, लाकडाचा वास असलेला भुसा म्हणजे फळी ठीक. तपकिरी, दमट, आंबूस वासाचा भुसा आला तर खूण आणखी बाहेर सरकव. ड्रिलला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळ, नाहीतर जोरात बूड फोडशील. कूज संपते तिथेच कापायचं नसतं. तिच्यापुढे चार बोटं निरोगी लाकडात जाऊन कापायचं, कारण बुरशीचे धागे डोळ्यांना दिसण्याच्या पुढे गेलेले असतात.

कापण्यापूर्वी बुडाखाली वाळूची पोती लाव, सगळीकडून. नाव नुसत्या दोन ओंडक्यांवर असेल आणि तू फळी काढलीस, तर बुडाचा आधार जातो आणि ते तेवढ्यात पिळतं. मग वाकडी नाव सरळ समजून नवी फळी बसवशील आणि ती कायमची वाकडी राहील. पोती बुडाचा आकार धरतात, ओंडके धरत नाहीत.

कापायचं ते दांड्याच्या मध्यावर. म्हणजे जुन्या फळीला अर्धा दांडा आणि नव्या फळीला अर्धा दांडा टेकायला मिळतो. दांडा कुठून जातो ते ठोकूनच कळतं. करवतीची खोली वरचं कातडं आणि प्लाय मिळून जेवढी जाडी होते तेवढीच ठेव. कोपरे चौकोनी न करता थोडे गोल ठेव, चौकोनी कोपऱ्यातून पुढे तडा जातो. कातडं शक्यतो अख्खं उचल. तेच पुढे नव्या प्लायवर ठेवून आखायला कामी येतं. आतला प्लाय बघशील तर भिजलेल्या भाकरीसारखा हातात येईल. तो सगळा खरवडून काढ, कोपऱ्यातलाही.

या कामाला पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा आणि चांगला मास्क हवाच. तोंडाला गमछा बांधून फायबर घासणारे खूप बघितले, त्यांची खोकल्याची रात्रही बघितली. काचेची धूळ फुप्फुसात जायला नको. काम संपलं की आधी गार पाण्याने अंग धू, चोळू नको. चोळलं की काचेचे कण कातडीत रुततात. कपडे घरच्यांच्या कपड्यांत मिसळून धुवायला टाकू नकोस.

फळी निघाल्यावर दांडे दिसतील. त्यांच्यावरचं फायबर चांगलं दिसलं म्हणून सोडू नको. प्रत्येक दांड्याला कुशीतून एक भोक पाड. पाणी टपकलं किंवा काळा भुसा आला तर आतलं लाकूड गेलं. मग दांड्याचं वरचं कातडं कापून आतलं कुजकं काढायचं, नवं लाकूड बसवायचं, पुन्हा बंद करायचं. पण एका वेळी एकच दांडा. सगळे दांडे एकदम उपटलेस की बुडाला धरणारं काहीच उरत नाही. दांड्यांच्या तळाशी पाणी इकडून तिकडे वाहण्यासाठी लहान भोकं असतात. ती कचऱ्याने बुजलेली असतील, मोकळी कर. नव्या दांड्यात ती ठेवायला विसरू नकोस आणि भोकाच्या आतल्या कडेला रेझिन लाव. पुष्कळ नावा या एका विसरण्याने पुन्हा कुजल्या आहेत, कारण पाणी बुचापर्यंत पोचतच नाही.

काही नावांत फळीखाली फोम भरलेला असतो. दाबून बघ. पाणी गळलं तर तो फोम टाकून दे, तो वाळत नाही. पण नुसता टाकून मोकळा होऊ नकोस. नाव पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून तो घातलेला असतो, त्याची जागा भरावीच लागते. थर्माकोल स्वस्त मिळतो म्हणून तो कोंबशील तर रेझिनचे थेंब आणि वाफ लागताच तो विरघळून जाईल. नवा फोम पाणी न पिणाराच घे. तो मिळत नसेल तर जाड प्लास्टिकचे झाकणबंद कॅन, झाकणं पक्की करून, हलणार नाहीत असे बसव.

आता सगळ्यांत अवघड काम: थांबणं. फळी काढली, आतलं खरवडलं, की माणसाला वाटतं आता बंद करून टाकावं. इथेच दुरुस्ती हातची जाते. ओल्या लाकडावर, ओल्या फायबरवर रेझिन चिकटल्यासारखं दिसतं आणि चिकटत नाही. दिवसा ऊन-वारा लागू दे, रात्री दव पडू नये म्हणून ताडपत्री टाक, पण कडेने हवा खेळती ठेव. किती दिवस, ते मी सांगणार नाही, नाव सांगेल. संध्याकाळी हातभर पॉलिथिनचा तुकडा जुन्या लाकडावर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद कर. सकाळी आतून वाफेचे थेंब दिसले तर अजून ओल आहे. ज्या सकाळी पॉलिथिन आतून कोरडं निघेल, त्या दिवशी पुढचं बोल.

म्हणूनच या कामाला महिना निवडावा लागतो. पावसाळ्यात हे काम करूच नये. मेमध्ये आपल्याकडे पारा 46-47पर्यंत जातो, तेव्हा डब्यातच रेझिन गोठतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इतक्या थंड असतात की रेझिन दुपारपर्यंत ओलंच राहतं. माझा भर फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत. हवा कोरडी, ऊन मध्यम, आणि नदीचं पाणी उतरत चाललेलं असल्याने नाव चार दिवस वर राहिली तरी चालते.

लाकडाविषयी एक गोष्ट आपल्या माणसांच्या गळी उतरवणं कठीण जातं. आपण बल्लारशाच्या लाकूड डेपोच्या आसपासचे, आलापल्लीच्या सागाची कीर्ती ऐकत वाढलेले. अयोध्येच्या मंदिराला दारांसाठी साग गेला तो इथूनच. साहजिकच वाटतं, फळी सागाचीच घालावी. डोंग्याला साग उत्तम, यात वाद नाही. पण सागात नैसर्गिक तेल असतं. त्याच तेलामुळे तो कुजत नाही आणि त्याच तेलामुळे रेझिन त्याला धरत नाही. फायबरखाली सागाची फळी घातली की काही काळाने कातडं सुटून वर येतं आणि मधल्या फटीत पाणी भरतं. सागाचा दांडा घालायचाच असेल तर चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसून घे, आणि इपॉक्सी वापर. फळीसाठी मात्र मरीन प्लायच घे, ज्यावर आयएस 710चा शिक्का असेल तो. घरगुती फर्निचरच्या प्लायवर आयएस 303 असतं. तो स्वस्त पडतो, चकचकीत दिसतो, पण तो या कामाचा नाही. लहान नावेला 12 मिलिमीटर जाडी बहुधा पुरते, तरी जुन्या फळीची निरोगी कड मोजून तेवढाच घे. विकत घेताना कड बघ. थरांमध्ये फटी दिसल्या तर शिक्का असूनही परत कर.

नवा प्लाय कापला की बसवण्यापूर्वीच त्याला सगळीकडून रेझिन पाज. वरून, खालून, आणि कडांना तर दोन-तीनदा, कारण प्लाय पाणी कडेनेच पितो. खालच्या बाजूला मॅटचा एक थर जमिनीवरच चढवून वाळू दे. एकदा फळी बसली की तिथे हात पोचणार नाही, आणि पुढची कूज नेहमी खालूनच सुरू होते. नुसत्या वरून फायबर केलेल्या नव्या फळ्या मी उपसून काढल्या आहेत. वरून आरसा, खालून चिखल.

आता रेझिन. नागपूरला किंवा हैदराबादला मिळतं, पाण्याच्या फायबर टाक्या बनवणारेही देतात. साधं पॉलिएस्टर चालतं, त्यातलं आयसो प्रकारचं पाण्याला जास्त टिकतं. इपॉक्सी महाग, पण लाकडाला आणि जुन्या फायबरला त्याच्याइतकं घट्ट दुसरं काही धरत नाही. पैसे असतील तर लाकूड चिकटवायला इपॉक्सी घ्यावं असं माझं मत. फक्त एवढं लक्षात ठेव: जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी बसतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट बसत नाही. आणि इपॉक्सीला सुट्या धाग्यांची साधी मॅट चालत नाही, विणलेलं कापड लागतं. मॅटचे धागे ज्या बांधणीने धरलेले असतात ती पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही. डब्यावरची तारीख बघून घे. आपल्या उन्हात गोदामात पडलेलं रेझिन जेलीसारखं होतं आणि मग ते कितीही हार्डनर घातलं तरी कामाचं राहत नाही.

हे पुढचं नीट ऐक, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. आपल्याकडे पॉलिएस्टर रेझिनबरोबर दोन बाटल्या येतात, जांभळट कोबाल्ट आणि पाण्यासारखा दिसणारा हार्डनर. या दोन बाटल्यांतलं द्रव्य एकमेकांत कधीही थेट मिसळू नकोस. भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळ, आणि नंतरच हार्डनर घाल. दोन्हींना वेगळी मापं, वेगळ्या काड्या. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्म्याशिवाय बाटली उघडू नकोस, आणि पाण्याची भरलेली बादली जवळ ठेव. थेंब उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुत राहायचं आणि तसंच दवाखान्यात जायचं. बिडी पिणाऱ्याला त्या आवारात येऊ देऊ नकोस. ॲसिटोनची आणि स्टायरिनची वाफ जमिनीलगत पसरते, ठिणगीची वाट बघत असते. काम मोकळ्या हवेत कर, बंद छपरीत नको.

हार्डनरचं माप साधारण एका किलोला 10 मिलिलिटर, थंडीत थोडं जास्त, 20च्या वर नाही. उन्हाळ्यात घट्ट लवकर होतं म्हणून काहीजण हार्डनर निम्मा करतात. तसं करू नकोस. रेझिन वरून कडक वाटतं आणि आत कधीच पूर्ण पिकत नाही. गरमी असेल तर सकाळी काम कर, डब्यात थोडं थोडं कालव, डबा थंड पाण्यात ठेव. आणि हार्डनर कमी-जास्त करणं इपॉक्सीला लागू नाही. तिथे माप काटेकोर, हार्डनर वाढवून ते लवकर वाळत नाही, उलट बिघडतं. कुठलंही असो, पहिला डबा नेहमी लहान, चाचणीचा. किती वेळात घट्ट होतं ते बघ आणि मग तेवढ्या वेळात पुरेल इतकंच पुढचं कालव. उरलेलं रेझिन डब्यात तसंच ठेवू नको, पसरट ताटलीत ओत. डब्यात साठलेलं तापतं आणि धुरायला लागतं.

जुन्या कातड्यावर नवं फायबर चढवायचं तर कापलेल्या कडेपासून चार बोटांपर्यंत जुना रंग, जुनी चकाकी पूर्ण घासून काढ. जाड दाण्याचा, 36 किंवा 40 नंबरचा कागद लाव. घासल्यावर सगळीकडे एकसारखा मळकट पांढरेपणा दिसला पाहिजे. कुठे चमक उरली तर तिथे नवं धरणार नाही. मग धूळ झटकून ॲसिटोनने पुस आणि त्यावर पुन्हा हाताचा घामट पंजा ठेवू नकोस.

दांड्यांच्या माथ्यावर रेझिन आणि टाल्क पावडरची घट्ट पुट्टी पसर, त्यात फळी दाबून बसव, वर वजन ठेव. कडेने पुट्टी बाहेर आली पाहिजे, म्हणजे खाली पोकळ राहिलं नाही. सिमेंटच्या तालुक्यात राहतो म्हणून इथे एक सांगणं भाग आहे: नावेच्या तळात सिमेंट ओतू नकोस. भेग पडली की दोन पाट्या सिमेंट ओतून मोकळं व्हायची सवय काही ठिकाणी आहे. सिमेंट फायबरला धरत नाही, नाव वाकली की तडकतं, त्याच्या खाली पाणी अडून राहतं आणि नावेला नको तिथे वजन चढतं. एम-सीलही नाव पाण्यात असताना भोक बुजवायला ठीक. फळी त्यावर टेकवू नये.

फळी आणि बाजूची भिंत जिथे मिळते त्या कोनात पुट्टीने बोटाच्या पेराएवढी गोलाई भर. काचेची मॅट काटकोनात वळत नाही, ती तिथे उचलली जाते आणि आत हवा राहते. त्या गोलाईवर आधी अरुंद पट्टी, मग तिच्याहून रुंद, मग आणखी रुंद. मधल्या फळीवर मॅट, त्यावर विणलेली रोविंग, पुन्हा मॅट, हा क्रम. 450 ग्रॅमच्या मॅटला चौरस मीटरमागे साधारण एक किलो रेझिन लागतं. त्याहून फार जास्त ओतलं तर बळ वाढत नाही. काच कमी आणि रेझिन जास्त झालं की थर ठिसूळ होतो. ब्रशने ओढू नको, दाबत जा. मॅट पांढरी दिसते तिथे हवा आहे. चरांच्या रोलरने मधून कडेकडे ती हवा काढ. मॅट पूर्ण भिजली की खालचं लाकूड आरपार दिसायला लागतं. एका वेळी दोन किंवा तीनच थर, नाहीतर आतून तापून कातडं पिवळं पडतं, सुटतं.

साधं पॉलिएस्टर उघड्या हवेत वरून चिकट राहतं, हवेतला प्राणवायू त्याला पूर्ण कडक होऊ देत नाही. थरांच्या मध्ये हे बरंच, पुढचा थर धरतो. शेवटच्या थराला मात्र मेण मिसळलेलं रेझिन वापर किंवा वरून गुळगुळीत पॉलिथिन अंथर. वाळल्यावर घास, आणि रंग दे. रंगाचं फार कौतुक करत बसू नको. रंग ओला असताना नदीची वाळू, धुऊन, वाळवून, चाळून, हलक्या हाताने भुरभुर टाक. ओल्या पायाला धरायला काहीतरी हवं.

आता त्या स्क्रूच्या भोकांकडे परत ये, जिथून सगळं सुरू झालं. जुनं भोक मोठं कर, ते पुट्टीने ठासून भर, पूर्ण वाळल्यावर त्याच पुट्टीच्या मधोमध बारीक भोक पाड. म्हणजे स्क्रू पुट्टीतून जातो, लाकडाला शिवतच नाही. उद्या तो ढिला झाला तरी पाण्याला प्लाय सापडत नाही. स्क्रू स्टेनलेसचे घे. डोक्याखाली साध्या सिलिकॉनऐवजी पॉलियुरेथेनचं सीलंट लाव. आणि जो स्क्रू लागतच नाही त्याचं भोक कायमचं बुजव. नावेत जितकी भोकं कमी, तितकं तिचं आयुष्य लांब.

आठवडाभर पिकू दे. मग नाव पाण्यात घाल, पण माणसं बसवू नको. कंबरभर पाण्यात, काठाशी, दोरीने बांधून, आत पाण्याचे कॅन ठेव. 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो. नाव जितकी माणसं नेते तेवढं वजन कॅनने भर, त्याहून एक-दोन कॅन जास्त, आणि अर्धा दिवस तशीच राहू दे. मधूनमधून फळीवर ठोकून आवाज ऐक, कडा बोटांनी चाचप, बुचाशी ओल येते का बघ. कॅन काढल्यावर फळी जशीच्या तशी परत आली, कुठे दबलेली राहिली नाही, तर तुझं काम झालं. एका जागीही शंका आली तर लोकांना बसवू नकोस. घाटावर उभ्या असलेल्या माणसांनी कितीही घाई केली तरी नाही म्हणायचं, हे त्यांच्यासाठीच असतं. आणि दुरुस्त नावेतही प्रत्येकाच्या अंगात जाकीट हवं. ज्या घाटाची नाव असेल तिथे जाकिटं नावेइतकीच गरजेची, हे पंचायतीतल्या लोकांना तूच जाऊन सांग.

नदीवरून परतलास की प्रत्येक वेळी बूच काढून ठेव, नाव थोडी मागे कलती राहू दे, म्हणजे पाणी तिथून निघेल. पावसाळ्यात वापर नसेल तर ती पालथी घालून दगडांवर उचलून ठेव, खालून वारा जाईल इतकी. पालथी घालता येत नसेल तर वर ताडपत्री बांध, पण दोन्ही टोकं उघडी ठेव. चारही बाजूंनी गच्च बांधलेली ताडपत्री आतली वाफ आतच ठेवते. पाला आत पडू देऊ नको, पाल्याखाली ओल महिनोन्महिने टिकते. दिवाळीनंतर एकदा हातोडीचा दांडा घेऊन सगळी फळी ठोकून बघ, आणि जिथे आवाज बदलला असेल तिथला स्क्रू त्याच दिवशी काढ.